हाफटाइम संपला तरी टीम वर्गातच: एका बास्केटबॉल मॅचचं प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका शहरात शाळेच्या ग्राउंडवर १८ वर्षांखालच्या मुलींची निमंत्रित स्पर्धा होती, तिच्या सेमीफायनलचा हा किस्सा. नावं कुणाचीच देत नाही, टीमची नाही, रेफ्रींची नाही, आयोजकांचीही नाही. उशीर झाला ती अ टीम, बाहेरगावची. समोरची ब टीम, त्याच शहरातली. मी त्या दिवशी टेबलच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो, रेफ्रींचं काम बघून नंतर त्यांच्याशी बोलायचं हे माझं काम, त्यामुळे मॅचमध्ये माझा हात कुठेच नव्हता पण ऐकू सगळं येत होतं.

सिमेंटचं कोर्ट, चार फ्लडलाइट, थंडीचे दिवस. दोनच रेफ्री: क्रू चीफ, म्हणजे मुख्य रेफ्री, बरीच वर्षं शिट्टी वाजवलेले एक सर, आणि अंपायर म्हणून एक ताई, स्वतः चांगल्या खेळाडू होत्या, आता रेफ्रींगमध्ये आल्यात. टेबलवर स्कोअरर, असिस्टंट स्कोअरर, टायमर आणि शॉट क्लॉकवाला. सगळी शाळा-कॉलेजची मुलं, ट्रेनिंग घेतलेली. कमिशनर, म्हणजे टेबलच्या कामावर लक्ष ठेवणारा आणि रेफ्रींना मदत करणारा अधिकारी, नव्हता. लहान स्पर्धांमध्ये कमिशनर सहसा नसतोच, पण इथे असता तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

ड्रेसिंग रूम म्हणून शाळेचेच वर्ग दिले होते. ब टीमला तळमजल्यावरचा, कोर्टाला लागून. अ टीमला मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा. मधे एक पॅसेज, एक जिना आणि पाण्याची टाकी. हे मुद्दाम कुणी केलं नव्हतं, जो वर्ग रिकामा होता तो दिला एवढंच.

हाफटाइमला स्कोर अ ३४, ब २९. मॅच मस्त चाललेली.

नियम काय म्हणतो

आपल्याकडे फिबाचेच, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचेच, नियम चालतात. हाफटाइम १५ मिनिटांचा. आता टायमरच्या कामात एक गोष्ट आहे जी बहुतेक लोक विसरतात. तिसरा क्वार्टर सुरू व्हायच्या किमान ३ मिनिटं आधी दोन्ही टीमना आणि रेफ्रींना कळवायचं असतं, मग ३ मिनिटं उरली की हॉर्न, दीड मिनिट उरलं की परत हॉर्न, आणि वेळ संपली की शेवटचा. म्हणजे टीमने वेळेवर यायचं ही टीमची जबाबदारी, पण टीमला कळवायचं ही टेबलची. दोन्ही बाजू आहेत.

आणि टीम आलीच नाही तर? फिबाच्या नियमांच्या स्पष्टीकरणात याचं सरळ उत्तर दिलंय. हाफटाइम संपल्यावर टीम वेळेत कोर्टवर आली नाही तर तिच्या नावावर एक टाइमआउट, म्हणजे टीमला मधे मिनिटभर खेळ थांबवायला मिळणाऱ्या मोजक्या संधींपैकी एक, लावायचा. हा टाइमआउट मिनिटभर चालत नाही, लगेच खेळ सुरू करायचा. म्हणजे टीमला टाइमआउटचा फायदा काहीच नाही, नुसता खात्यातून गेला.

आता आपल्या ओळखीच्या दुसऱ्या उशिराशी हे जोडून बघा, टाइमआउट संपल्यावर टीम घोळक्यातून बाहेर येत नाही तो उशीर. तिथे आधी वॉर्निंग, मग अजून एक टाइमआउट, आणि टाइमआउट शिल्लकच नसेल तर कोचला टेक्निकल फाउल (वागणुकीबद्दलचा फाउल, समोरच्यांना फ्री थ्रो मिळतो) लागू शकतो. हाफटाइमच्या बाबतीत मात्र दुसऱ्या हाफचे तिन्ही टाइमआउट हातात असतातच, त्यामुळे शिल्लक नाही म्हणून टेक्निकल अशी वेळच येत नाही. मला हा नियम आवडतो. चूक छोटी, किंमतही मोजकी, आणि किंमत नक्की मोजावी लागते.

प्रॉब्लेम कुठून सुरू झाला

हाफटाइमला कोर्टवर सत्कार होता. पाहुणे आले, शाल-श्रीफळ झालं, माइक हातात आला आणि भाषण लांबलं. सेंटर सर्कलमध्ये सतरंजी, त्यावर टेबल, टेबलवर चषक.

क्लॉकवर ३:००. टायमर पोराने हॉर्नच्या बटणावर बोट नेलं, तेवढ्यात आयोजकांपैकी एकजण धावत आला, हाताने थांब थांब केलं आणि म्हणाला, "एक मिनिट, साहेबांचं होऊ दे ना." पोरगं अठरा-एकोणीसचं, समोर त्याच्याच शाळेचे लोक, त्याने बोट मागे घेतलं. दीड मिनिटाला पण तसंच. क्लॉक मात्र चालूच होतं, ते कुणी थांबवलं नाही. भाषण संपलं तेव्हा ४० सेकंदांच्या आसपास उरले होते, मग सतरंजी गुंडाळा, टेबल उचला, आणि ०:०० ला हॉर्न. हाफटाइममधला पहिलाच हॉर्न तो!

त्या क्षणी ब टीम आपल्या बेंचपाशी उभी होती, ती भाषण ऐकत तिथेच होती. अ टीमच्या तीन मुली कोर्टच्या कडेला, पाणी प्यायला खाली आल्या होत्या म्हणून. बाकीच्या आणि कोच मॅडम वरच्या वर्गात.

अजून एक गोष्ट मला नंतर कळली. एका व्हॉलंटियरला साधारण चार मिनिटं आधी वाटलं होतं की वर जाऊन सांगावं. पण सगळे व्हॉलंटियर मुलगे, आणि वर मुलींची रूम, दार लावलेलं. तो जिन्यापर्यंत गेला आणि संकोचून परत आला. त्याला मी अजिबात दोष देणार नाही. मुलींच्या स्पर्धेला एक तरी मुलगी व्हॉलंटियर हवी हे आयोजकांना सुचायला हवं होतं.

पर्याय काय काय होते

पुढचं मिनिटभर टेबलसमोर जे बोलणं झालं ते मी जवळून ऐकलं. ब टीमचे कोच सर लगेच आले. त्यांचं म्हणणं आधी होतं, सर, टीम हजर नाही, मॅच आमची, वीस-शून्य. क्रू चीफ सरांनी शांतपणे नाही म्हटलं, आणि ते बरोबर होतं. २०-० वाला फोरफीट, म्हणजे मॅच समोरच्या टीमला बहाल करणं, तीन कारणांनी होतो. मॅचच्या ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांनीही टीम हजर नसली किंवा पाच खेळाडू उभे करू शकली नाही तर, टीमच्या वागण्यामुळे मॅच होऊच शकत नसेल तर, आणि क्रू चीफने खेळा म्हणून सांगितल्यावरही टीमने नकार दिला तर. इथे यातलं काहीच नव्हतं. कोणी नकार दिला नव्हता, अजून कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मग कोच सर म्हणाले, निदान टेक्निकल द्या, एक मिनिट उशीर झाला की टेक्निकल असतो, मी व्हिडिओत बघितलंय. त्यांनी बघितलं ते खरंच होतं, पण ते अमेरिकेतल्या हायस्कूलचं. तिथल्या नियमात हाफ सुरू करायच्या वेळी टीम तयार नसली आणि अख्खं एक मिनिट गेलं तर टीमला टेक्निकल, दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही समोरच्यांना. फिबात टेक्निकलला एकच फ्री थ्रो. आजकाल सगळे कोच मोबाइलवर अमेरिकन मॅचेस आणि तिकडच्या रेफ्रींचे व्हिडिओ बघतात, चांगलंच आहे, पण दोन नियमांची सरमिसळ होते आणि मग रेफ्रीला टेबलसमोर क्लास घ्यावा लागतो.

तिसरी सूचना टेबलवरूनच आली, असिस्टंट स्कोअररकडून. तीन मुली आल्यात ना, त्यांना घेऊन सुरू करा, पाच खेळाडू फक्त मॅचच्या सुरुवातीलाच लागतात. पोराने अभ्यास केलेला दिसत होता, कारण हे खरं आहे, दुसऱ्या हाफला पाचपेक्षा कमी खेळाडूंनी पण टीम खेळू शकते. पण ती सोय दुखापत, डिसक्वालिफिकेशन अशा कारणांनी खेळाडूच उरले नाहीत तर. बाकीच्या सगळ्या धडधाकट वरच्या मजल्यावर बसल्यात म्हणून तिघींना खेळायला लावायचं हे त्या नियमात बसत नाही. क्रू चीफ सरांनी त्याला फक्त "तसं नाही बेटा" एवढंच म्हटलं, समजावलं मॅचनंतर.

उरले दोन पर्याय. एक, नियमाप्रमाणे ताबडतोब टाइमआउट लावा आणि टीमला बोलवा. दोन, काहीच लावू नका कारण हॉर्न दिलेला नाही, टीम येईल तेव्हा सुरू करा.

पहिला निर्णय

इथे क्रू चीफ सरांनी जे केलं ते मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कुणाशी वाद घालायच्या आधी टायमरला एकच प्रश्न विचारला, "तीन मिनिटांचा हॉर्न दिला होतास का?" पोरगं म्हणालं, नाही सर, थांबायला सांगितलं. "दीडचा?" नाही सर. बस. यापुढे टाइमआउट लावायचा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला, कारण ज्या टीमला कळवलंच नाही तिला उशिराची शिक्षा कशी द्यायची. शिवाय कोर्टवर सतरंजी होती, टीम खाली आली असती तरी वॉर्मअप कुठे करणार होती?

त्यांनी टायमरला क्लॉक दीड मिनिटावर लावायला सांगितलं आणि अंपायर ताईंना वर पाठवलं. नियमात असा परत वेळ द्यायचा प्रकार कुठे लिहिलेला नाही, पण नियमात जे स्पष्ट लिहिलेलं नाही त्यावर निर्णय घ्यायचा अधिकार क्रू चीफला असतो, तोच त्यांनी वापरला.

ताई वर गेल्या, दार वाजवलं. नंतर त्यांनी मला सांगितलं की आत फळ्यावर खडूने मोठी आकृती काढलेली, ब टीमचा फुल कोर्ट प्रेस, म्हणजे अख्ख्या कोर्टभर चिकटून केलेला बचाव, कसा तोडायचा याची, पाच गोल, बाण, दोन ठिकाणी पुसून परत काढलेले बाण. एका मुलीच्या घोट्याला टेप लावणं चाललं होतं. ताई म्हणाल्या, "मॅडम, दीड मिनिट, क्लॉक लावलंय." मॅडम म्हणाल्या, "हो हो, आलोच." ताई लगेच खाली आल्या, कारण दोनच रेफ्री, कोर्टवर एकटे सर.

दुसरा निर्णय

दीड मिनिट संपलं. या वेळी हॉर्न मात्र नीट वाजला. अ टीम नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, ब टीमच्या मुली बाजूच्या लाइनवर उड्या मारत अंग गरम ठेवतायत, प्रेक्षकांतून शिट्ट्या. पाऊण मिनिटाने मुली जिन्यावरून पळत आल्या, मागून मॅडम.

सरांनी मॅडमना जवळ बोलावलं, स्कोअररला सांगितलं, अ टीमला एक टाइमआउट, आणि लगेच अ‍ॅरो (आता बॉल कुणाचा हे दाखवणारा टेबलवरचा बाण) बघून बॉल थ्रो-इनसाठी, म्हणजे लाइनबाहेरून आत टाकायला, दिला. टाइमआउटचा मिनिट दिला नाही. इथपर्यंत अगदी नियमाप्रमाणे.

मॅडम चिडल्या. पहिलं म्हणणं, आमचा हॉर्न झालाच नाही. सर म्हणाले, म्हणूनच पहिल्या उशिराचं काही लावलं नाही, हा टाइमआउट ताईंनी येऊन सांगितल्यानंतरच्या उशिराचा आहे. दुसरं म्हणणं, टेप लावणं चाललं होतं. त्यावर सर म्हणाले, एकीला टेप लावायला अकराजणी लागत नाहीत, बाकीच्यांना पाठवायचं होतं. हे थोडं तिखट होतं पण बरोबर होतं.

तिसरं म्हणणं हुशारीचं होतं, आणि नवीन रेफ्री इथे नक्की अडकेल. मॅडम म्हणाल्या, पहिल्या हाफमध्ये आमचा एक टाइमआउट वापरायचा राहिलाय, लावायचाच तर तो लावा. स्कोअररने स्कोअरशीट फिरवून दाखवली. पहिल्या हाफचे दोन खाने, एकात मिनिट लिहिलेलं, दुसऱ्यात दोन आडव्या समांतर रेघा मारलेल्या. हाफ संपला की न वापरलेला खाना असा बंद करायचा असतो आणि तो टाइमआउट पुढे नेता येत नाही. त्या स्कोअरर मुलीने हाफ संपल्या संपल्या रेघा मारून ठेवल्या होत्या म्हणून वाद दोन सेकंदात मिटला. खाना उघडा राहिला असता तर? तर मॅडमनी बोट ठेवून विचारलं असतं, हा बघा रिकामा आहे, आणि सरांना नियम तोंडी पटवत बसावं लागलं असतं. टेबलचं साधं काम वेळेवर झालेलं असलं की रेफ्रीचं अर्धं भांडण वाचतं, हे मी रेफ्रींच्या प्रत्येक ट्रेनिंग क्लिनिकमध्ये सांगतो आणि आता हे उदाहरणही देतो.

ब टीमच्या कोच सरांचं समाधान अर्थातच झालं नाही. त्यांची तक्रार वेगळी होती आणि मला ती बरीचशी पटली. ते म्हणाले, दीड मिनिट परत दिला हे मला कुणी सांगितलंच नाही, मला वाटलं तुम्ही त्यांची वाट बघताय.

पुढे काय झालं

मॅच शेवटपर्यंत चुरशीची झाली. दुसऱ्या हाफचे तीन टाइमआउट, त्यातला एक असा गेला. दुसरा अ टीमने तिसऱ्या क्वार्टरमध्ये घेतला, ब टीमने ओळीने आठ पॉइंट काढले तेव्हा. तिसरा चौथ्या क्वार्टरमध्ये, अडीच मिनिटांच्या आसपास उरलेली असताना.

आणि १८ सेकंद राहिले असताना ब टीमने बास्केट करून ६१-६० केलं. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केटनंतर क्लॉक थांबतं आणि ज्यांच्यावर बास्केट झाला त्यांना टाइमआउट मिळू शकतो, आणि तो घेतला की थ्रो-इन समोरच्या हाफमधल्या थ्रो-इन लाइनवरून घेता येतो. अ टीमकडे टाइमआउट नव्हता. एंड लाइनवरून बॉल आत टाकला, प्रेस तोडत अख्खं कोर्ट पार केलं (फळ्यावरचंच होतं ते बहुतेक), शेवटचा शॉट रिंगवरून बाहेर. ब टीम एका पॉइंटने जिंकली.

मॅडमनी मॅचनंतर विचारलं, प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत तक्रार, करता येईल का. सरांनी प्रक्रिया सांगितली, कॅप्टनने १५ मिनिटांच्या आत क्रू चीफला कळवून शीटवर सही करायची. पण हेही सांगितलं की प्रोटेस्टची कारणं ठरलेली आहेत, स्कोरची किंवा क्लॉकची न सुधारलेली चूक, मॅच फोरफीट किंवा रद्द वगैरे करायचा निर्णय, खेळाडूच्या पात्रतेचा प्रश्न. लावलेला टाइमआउट त्यात बसत नाही. कॅप्टनने सही केली नाही. आता विचार करा, सरांनी ब टीमच्या कोचचं ऐकून २०-० दिलं असतं तर ते बरोब्बर प्रोटेस्टमध्ये बसलं असतं, आणि स्पर्धा तिथेच अडकली असती.

हरल्याचं कारण तो टाइमआउट असं मी म्हणणार नाही. बाकीचे दोन त्यांनी स्वतःच्या मर्जीने घेतले होते, एक राखून ठेवता आला असता. पण किंमत मोजली हे नक्की, आणि एका फ्री थ्रोपेक्षा कदाचित जास्तच मोजली. टाइमआउट म्हणजे काहीच नाही, लावा आणि मोकळे व्हा, असं मानणाऱ्या रेफ्रींनी ते शेवटचे १८ सेकंद डोळ्यासमोर आणावेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी हॉर्न. पाहुणे बोलत असोत की कुणी, ३:०० ला हॉर्न वाजलाच पाहिजे. पण हे टायमर पोराच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणं बरोबर नाही, मोठ्या माणसाने थांब म्हटल्यावर ते काय करणार. हाफटाइमला दोन्ही रेफ्री टेबलच्या पलीकडे चहा घेत होते. त्यातल्या एकाने साडेतीन मिनिटं उरली असताना टेबलपाशी येऊन उभं राहायला हवं होतं, म्हणजे थांबवायचं की नाही हे बोलणं त्या पोराशी न होता रेफ्रीशी झालं असतं. सर स्वतःच म्हणाले की इथून पुढे मी चार मिनिटांना टेबलवर असेन.

मग कळवण्याची पद्धत. हॉर्न कोर्टवर ऐकू येतो, मागच्या इमारतीत नाही. रूम लांब असेल तर प्रत्यक्ष जाऊन सांगणारं माणूस मॅचच्या आधीच ठरवायचं, मुलींच्या मॅचला बाई किंवा मुलगी, आणि मॅचच्या आधीच दोन्ही कोचना दाखवायचं की ही येऊन सांगेल. अंपायरने स्वतः टीमच्या रूमपर्यंत जाणं मला तितकंसं आवडलं नाही. त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं म्हणून ठीक, पण सेमीफायनलमध्ये रेफ्री एका टीमच्या रूममध्ये जाऊन आली असं प्रेक्षकांतून कुणी बोललं तर उत्तर देत बसावं लागतं.

दोन्ही कोचना एकत्र बोलावणं. परत वेळ द्यायचा निर्णय झाला तेव्हाच ब टीमच्या कोचना टेबलपाशी बोलावून सांगायचं होतं, हॉर्न झाला नाही, एवढा वेळ देतोय, त्यानंतर आले नाहीत तर टाइमआउट लावणार. वीस सेकंदांचं काम. ते झालं असतं तर त्यांची निम्मी चिडचिड झालीच नसती, आणि तोच निरोप ताईंनी वर पूर्ण सांगितला असता तर मॅडमनाही पुढचं काय ते आधीच माहीत असतं. "दीड मिनिट, क्लॉक लावलंय" यात उशीर झाला तर काय हे कुठेच नाही.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यावर माझं आणि सरांचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, परत वेळ द्यायचाच होता तर पूर्ण ३ मिनिटं द्यायची, कारण नियमात टीमला तेवढी आधी सूचना मिळायला हवी असं आहे, तीच त्यांची हुकली होती. ३ मिनिटं दिली असती तर टेप लावून, जिना उतरून, दोन लेअप मारूनही वेळ उरला असता, आणि तरीही आल्या नसत्या तर टाइमआउटवर कुणाला बोलायला जागा राहिली नसती. सरांचं म्हणणं, ब टीम तेवढा वेळ थंडीत कोर्टवर उभी, त्यांचा पण विचार करायचा, आणि मॅडमना तोंडावर सांगून त्या हो म्हणाल्यात. ब टीमचा मुद्दा खोटा नाही, पण मोकळं कोर्ट मिळालं असतं तर त्यांनाही त्या ३ मिनिटांत नीट वॉर्मअप करता आला असता, तोही त्यांचा सत्कारात बुडालाच होता.

दुसऱ्या दिवशी फायनलला आयोजकांनी सत्कार मॅचच्या आधी उरकला, शाळेतल्याच दोन मुलींना दोन्ही टीमसोबत दिलं, आणि हाफटाइमच्या ३:०० ला हॉर्न झाला तेव्हा दोन्ही टीम कोर्टवर शूटिंग करत होत्या.